पिशवी शोधली तर पशुवैद्य का यावा?

माझी तक्रार एका ओळीबद्दल आहे. एका व्हिडिओ प्लेअरच्या प्लगिनमधली ती ओळ मराठीतले सगळे काने, मात्रा, वेलांट्या, उकार आणि अनुस्वार पुसून टाकत होती. ती दुरुस्त करून मूळ प्रकल्पात घ्यायला लावताना ज्या अडचणी आल्या, त्यांतली एकही मोठी नव्हती. प्रत्येक इतकी किरकोळ की दुसऱ्याला सांगायला गेलं तर तो म्हणतो, 'बरं, मग?' म्हणून सगळ्या एका जागी लिहून ठेवतो.

आधी प्रकरण काय ते सांगतो. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथल्या कारखान्याशी मुकादमाचा करार असेल तिकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल त्या जोडीला मिळते, आणि बाई आजारी पडली तर खाडा जोडीचाच पडतो. पाळीच्या तक्रारींवर, अंगावरून पांढरं जाण्यावर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला इथं किती सहज दिला गेला, हे २०१९ साली सगळ्या राज्याला कळलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं होतं. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

ज्या संस्थेचं संगणकाचं काम मी अंबाजोगाईतून बघतो, तिनं या बायकांसाठी छोटे छोटे व्हिडिओ केले. पाळीची दुखणी कोणती आणि त्यांना साधे उपचार कोणते, ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत कसं घ्यायचं, उचलीचा हिशेब कसा लिहून ठेवायचा, गावी म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवलेल्या शेळ्या-म्हशींची काळजी कशी घ्यायची. सुरुवातीला हे सगळं आम्ही पेन ड्राइव्हवर द्यायचो आणि व्हीएलसी या प्लेअरवर चालवायला सांगायचो. फेब्रुवारी २०२२ ते नोव्हेंबर २०२२ एवढा काळ त्याची मूळ वेबसाइट भारतात बंद होती आणि लोकांना कारणही सांगितलं गेलं नव्हतं. मग आम्ही सगळे व्हिडिओ ब्राउझरमध्येच चालणाऱ्या दुसऱ्या प्लेअरसह एका वेबपानावर आणले. खाली मराठी कॅप्शन, कारण कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, रात्री आवाज मोठा करता येत नाही. वर शोधायची चौकट. शब्द टाकला की तो ज्या ज्या व्हिडिओत ज्या क्षणी बोलला गेला त्याची यादी येते, आणि बोट लावलं की व्हिडिओ तिथूनच सुरू होतो. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीतून कामाची दोन मिनिटं शोधायला याहून चांगली सोय नाही. शोधायचं हे काम या प्लेअरचं, सुरुवातीला सांगितलेलं ते प्लगिन करतं. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे.

पान सुरू झाल्यावर धारूर भागातल्या आमच्या कार्यकर्तीचा फोन आला. "दादा, बाईनं पिशवी टाकलं तर जनावराचा डॉक्टर यायलाय."

खरंच येत होता. पहिला व्हिडिओ पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा, शेळ्यांच्या लसीकरणाचा. गर्भपिशवीचा व्हिडिओ त्याच्या खाली. यात गंमत वाटावी असं काही नाही. एका बाईनं मोठ्या संकोचानं, बहुधा मुलीकडून टाइप करून घेऊन, तो शब्द शोधला होता.

कारण सापडायला वेळ लागला नाही. शोधायच्या आधी प्लगिन कॅप्शनमधला आणि चौकटीतला, दोन्हीकडचा मजकूर 'साफ' करतं. पिशवी या शब्दातली वेलांटी आणि ईकार काढला की उरतं पशव. पशुवैद्य या शब्दातले उकार, मात्रा आणि जोडाक्षराचं हलन्त काढलं की उरतं पशवदय. पशव हे पशवदयमध्ये आहेच. संगणकाचं गणित चोख बरोबर आहे. याच रीतीनं मोळी शोधली की मळी, माळी, मेळा, मुळा, मूळ आणि मळा हे सगळे सापडतात, कारण सगळ्यांचं मळ होतं. आमच्या परळीचं परळ होतं आणि ती थेट मुंबईत जाऊन बसते. केजचं कज, धारूरचं धरर, आष्टीचं आषट, अंबाजोगाईचं अबजगई. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि एकाचंही नाव या ओळीतून धड बाहेर पडत नाही.

दुसरा दोष पहिल्याहून त्रासदायक होता. सापडलेला शब्द पिवळ्या पट्ट्यानं दाखवायचा, तर पट्टा भलतीकडे पडायचा. 'मुकादमानं उचल दिली' या कॅप्शनमध्ये उचल शोधा. उचल या शब्दाला काना-मात्रा नाही, त्यामुळे त्याला इजा होत नाही. पण त्याच्या आधीच्या मुकादमानं या शब्दातून एक उकार, दोन काने आणि एक अनुस्वार अशी चार चिन्हं गेलेली असतात. जागा मोजली जाते या सोललेल्या मजकुरात आणि पट्टा मारला जातो मूळ मजकुरावर. तो बरोबर चार घरं अलीकडे, 'मा'च्या कान्यापासून 'नं'च्या अनुस्वारापर्यंत पडतो. उचल कोरी राहते. ज्या मुलीला आत्ता कुठं अक्षरं लावून वाचता यायला लागलंय, तिला हा पट्टा काय सांगत असेल?

आता ही ओळ लिहिली कुणी आणि का? तीत वाईट हेतू शोधून सापडत नाही. कॅफे हा शब्द फ्रेंच माणूस शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ देऊन लिहितो, इंग्रजी कळफलकावरचा माणूस ती देत नाही, आणि दोघांनाही एकच उत्तर मिळावं म्हणून रेघ काढून टाकायची. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. आधीच्या अक्षराला चिकटणाऱ्या चिन्हांचा वर्ग एम. फ्रेंच रेघ त्यात आहे आणि आपली वेलांटीही त्यातच आहे, कारण दोन्ही एकट्या उभ्या राहत नाहीत. देवनागरीचा युनिकोडमधला तक्ता १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावर बेतलेला आहे. व्यंजनामागे मात्रा वेगळा संकेत म्हणून साठवायची रीत तिथूनच आली आणि ती उत्तम रीत आहे. बिघाड झाला तो पुढे. कुणीतरी असं धरून चाललं की जे चिकटतं ते काढलं तरी चालतं. फ्रेंच रेघ गेली तरी वाचणाऱ्याला कॅफे कळतो. वेलांटी गेली की पिशवीच जाते.

ही चूक एकट्या त्या प्रकल्पाची म्हणता येणार नाही. २०१८ साली गूगलनं बर्ट हे भाषेचं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्याच्या पहिल्या बहुभाषिक आवृत्तीतही स्वरचिन्हं काढणारी पायरी होती. ती एम वर्गातला फक्त एक पोटवर्ग काढायची, त्यामुळे केजचं कज व्हायचं आणि बीड शाबूत राहायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती आली आणि लॅटिनेतर लिप्यांसाठी तीच वापरा असं त्यांनीच सांगितलं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शब्द ओळखायची जी सर्रास वापरली जाणारी खूण आहे, तिच्या हिशेबी मात्रा हा शब्दाचा भागच नाही. सायकिट-लर्न नावाच्या लोकप्रिय संचाला शब्द वेगळे करायला सांगा, काही न बदलता. तो मुकादममधून फक्त दम काढून देतो, कारण आधीचे म आणि क सुटे पडतात आणि एकेकट्या अक्षराला तो शब्द धरत नाही. जगभरचे लोक हे रोज वापरतात.

दुरुस्ती सोपी होती. सगळा एम वर्ग काढायचा नाही, फक्त लॅटिन लिपीच्या जोडचिन्हांचा छोटा गट काढायचा, आणि मग मजकूर पुन्हा जोडून घ्यायचा. शेवटची पायरी मराठीला हवीच. चिन्हं काढण्यासाठी मजकूर आधी सुट्या तुकड्यांत फोडला जातो; त्या वेळी ऱ या अक्षराचे र आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे होतात, आणि पुन्हा जोडलं नाही तर शेतकऱ्यापुढचा पट्टा परत सरकतो. सगळं मिळून एका ओळीतला बदल.

या एका ओळीसाठी प्रथम प्रकल्पाची अख्खी प्रत उतरवून घ्यावी लागते. मग तो चालायला इतरांच्या कोडच्या ज्या शेकडो पुड्या लागतात त्या. मग चाचण्या चालवायला एक पूर्ण ब्राउझर, तो माझ्या संगणकावर आधीच असला तरी दुसरा. हे सगळं मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवलं. वीज गेली की राउटर जातो, टॉवरही दमतो आणि ब्राउझर अर्ध्यातून पुढे न जाता पहिल्यापासून सुरू होतो. मदतपुस्तिकेत या पायरीला 'थोडा वेळ लागेल' एवढंच लिहिलेलं आहे. किती डेटा लागेल ते लिहायला हवं होतं. ज्याला रोजचा डेटा मोजून मिळतो तो माणूसही सुधारणा पाठवू शकतो, हे लिहिणाऱ्याच्या मनातच आलेलं नाही.

मग करारनामा. योगदान देणाऱ्यानं आपला कोड वापरायला परवानगी दिली पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे. पण अर्जात नाव आणि आडनाव अशा दोनच चौकटी होत्या, आणि माझ्या कोडवर सही आहे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी, सातबाऱ्यावर आणि आधारवर आहे तशी. तपासणाऱ्या बॉटनं दोन्ही नावं जुळत नाहीत म्हणून बदल अडवून ठेवला. वडिलांचं नाव काढल्यावर लगेच हिरवी खूण आली. ते नाव काढावं का लागलं याचं उत्तर द्यायला तिथं कुणी नसतं.

बदलासोबत जी एका ओळीची टीप जोडायची तिलाही नियम आहेत. सुरुवात ठरावीक शब्दानं, मग विसर्गासारखी दोन टिंबं, पुढचं अक्षर छोट्या लिपीतलं, शेवटी पूर्णविराम नको. शिस्त हवी, पण टिपेत बीड या जिल्ह्याचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू झालं म्हणून टीप नापास होऊ नये. आणि चाचण्या तीन वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतात. त्यांतली विंडोजवरची एक चाचणी आवाजाच्या बटणाची होती आणि ती माझ्या आधीपासून अधूनमधून पडत होती. तरी लाल फुली माझ्या बदलावर. प्रकल्प बघणाऱ्यांना ती माहीत होती, लेखी नोंद कुठंच नव्हती. नवीन माणूस ती फुली बघून दिवसभर स्वतःच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो.

मग माणसं आली. ती सभ्य होती, फुकट काम करत होती, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. म्हणूनच त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला मी सविस्तर उत्तर दिलं. पण प्रश्न कोणते ते बघा. बदलावर पहिली चिठ्ठी चिकटली ती 'हिंदी'. दुसरी 'क्वचित उद्भवणारी बाब'. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली आहे. त्यात हिंदी, नेपाळी, कोंकणी धरा. बंगाली, तमिळ, कन्नड धरा, कारण स्वरचिन्हं तिथंही एम वर्गातच आहेत. यातल्या प्रत्येकाला प्रत्येक वाक्यात जे होतं ते क्वचित कसं?

पुढचा प्रश्न होता, मराठी लोक शोधताना मात्रा टाइप करतात का? मी उत्तर दिलं की करतात, कारण मात्रा न देता लिहिलेला शब्द चुकीचाच ठरतो. त्यावर, पुरावा म्हणून चित्रफीत जोडता येईल का? जोडली. त्यावर, याला किती वेळ जास्त लागतो ते मोजून दाखवा. मोजून दाखवलं, फरक नव्हता. मूळची ओळ जेव्हा आत आली तेव्हा तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, ना मोजमाप ना चित्रफीत. प्रकल्पाच्या जुन्या नोंदी उघड्या असतात, त्यात मी पाहिलं. ती एका मोठ्या बदलासोबत आली आणि कुणीही काहीही न विचारता राहिली. मोडणाऱ्याला विचारलं गेलं नाही आणि जोडणाऱ्यानं सगळं सिद्ध करायचं, हे मला पटत नाही.

मग सर्वांत समंजस वाटणारी सूचना आली. हा बदल पर्याय म्हणून घेऊ, सेटिंगमध्ये एक चौकट ठेवू, मूळ स्थितीत ती बंद असेल, ज्याला हवं तो चालू करेल. या सूचनेवर मी सगळ्यांत जास्त लिहिलं. ती चौकट बघणाऱ्या बाईच्या हातात नसते, पान तयार करणाऱ्याच्या हातात असते, आणि त्याला मराठी येत असेलच असं नाही. ज्याला मराठी येत नाही त्याला मळी आणि मोळी एक झाल्याचं कळणार कसं? फ्रेंच वाचकाची सोय मूळ स्थितीत चालू आहे, त्यासाठी कुणी चौकट शोधत नाही. मराठी शब्द पुरता दिसावा एवढंच मागणाऱ्याला मात्र सेटिंगच्या तिसऱ्या पडद्यात जायचं. मी ठाम नकार दिला. बदल घ्यायचा तर सगळ्यांसाठी घ्या.

आणखी एकानं सुचवलं की अर्धवट काम नको, ब्राउझरमध्ये आता अक्षरगट ओळखायची अंगभूत सोय आहे, सगळा शोध तिच्यावर नव्यानं बांधा. ती सोय चांगलीच आहे. पण फायरफॉक्समध्ये ती एप्रिल २०२४ मध्ये आली, आणि आमच्या भागात हातात असलेले बरेच फोन त्याहून जुने आहेत. शिवाय सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत युनिकोडच्या मूळ नियमात क्ष हा एक गट नव्हताच, क् आणि ष असे दोन होते. म्हणजे जुन्या ब्राउझरवर एक उत्तर, नव्यावर दुसरं. घरात पाणी गळतं तिथं कौल बसवायचं की घर पाडून नवं बांधायचं, एवढाच हा प्रश्न होता, आणि कौल माझ्या हातात तयार होतं.

या बोलण्यात मध्ये त्यांच्या नाताळच्या सुट्ट्या आल्या. त्या घ्याव्यात. पण त्या काळात एक बॉट येऊन सांगून गेला की या बदलावर बरेच दिवस हालचाल नाही, तो लवकरच आपोआप बंद होईल. हालचाल करायची होती त्यांनी, मी उत्तर देऊन थांबलो होतो. बंद होऊ नये म्हणून मला तिथं 'हा प्रश्न अजून आहे' असं लिहावं लागलं. काही काळानं पुन्हा लिहावं लागलं. ज्याची पाळी असेल त्याच्याकडे बॉटनं जावं, एवढी साधी गोष्ट त्याला शिकवणं कठीण नाही.

बदल शेवटी आत गेला, सगळ्यांसाठी, चौकटीशिवाय. आवृत्तीच्या टिपणात त्याची नोंद 'शोधातली किरकोळ दुरुस्ती' अशी आहे. कुठल्या भाषांसाठी ते लिहिलेलं नाही, त्यामुळे ज्या बंगाली किंवा नेपाळी माणसानं या त्रासापायी शोध बंद करून ठेवला असेल, त्याला तो आता चालू करता येईल हे कळणार नाही. आणि आमचं पान ज्या तयार साच्यावर उभं आहे त्यात प्लगिनची जुनीच प्रत बांधलेली आहे. ती बदलण्याची विनंती वेगळी, वेगळ्या लोकांकडे, वेगळ्या करारनाम्यासह. तोवर दुरुस्त प्रत मी हातानं बसवली आहे. पिशवी टाकलं की गर्भपिशवीचा व्हिडिओ पहिला येतो आणि पशुवैद्य येत नाही.

एक बाब उरली आहे आणि ती मी सोडलेली नाही. दुरुस्ती पुन्हा कुणी मोडू नये म्हणून सोबत चाचणी द्यावी लागते. मी मोळी, मळी, माळी आणि पिशवी, पशुवैद्य हे शब्द घालून ती लिहिली. कोड तपासणाऱ्या यंत्रणेनं ती परत पाठवली, कारण फायलीत इंग्रजीबाहेरचं अक्षर चालत नाही. नियमाप्रमाणे मोळी हा शब्द युनिकोडच्या क्रमांकांनी यू०९२ई, यू०९४बी, यू०९३३, यू०९४० असा लिहायचा. मराठी नीट चालते का हे बघणाऱ्या चाचणीत मराठी अक्षर नको. तेव्हा बदल अडू नये म्हणून मी तसं लिहून दिलं, आणि आता नियम बदलावा म्हणून वेगळा अर्ज केला आहे. त्यावर आक्षेप आला की फायलीत देवनागरी असली तर प्रकल्प सांभाळणाऱ्यांना ती वाचता येणार नाही. मी कळवलं आहे की यू०९२ई त्यांनाही वाचता येत नाही आणि मलाही. मोळी लिहिलेली असेल तर निदान आमच्यापैकी एकाला तरी चाचणी बरोबर आहे की चूक ते डोळ्यांनी सांगता येईल.